बॅकअप ‘यशस्वी’ म्हणतो, पण रिस्टोअर होत नाही: दोष कुठे शोधायचा

लक्षण ओळखीचं आहे. रोज रात्री बॅकअप चालतो, सकाळी हिरवी खूण दिसते, ‘जॉब पूर्ण’ असा मेल येतो. मग एक दिवस फाइल परत लागते आणि ती सापडत नाही. सापडली तर उघडत नाही, उघडली तर तीन महिन्यांपूर्वीची निघते. कशीबशी वेळ मारून नेली जाते, जॉब पुन्हा सुरू होतो आणि काही महिन्यांनी तोच प्रकार.

हिरवी खूण फक्त एवढंच सांगते की प्रोग्राम चालून संपला. जे घ्यायचं होतं ते सगळं आलं का, आलेलं वाचता येतं का, त्यावर काम पुन्हा सुरू होईल का, हे त्या प्रोग्रामला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून दोष शोधायला बॅकअपच्या लॉगपासून सुरुवात करू नका. आधी रिस्टोअर करून बघा आणि तिथून मागे मागे या.

आधी पाच फाइलींची चाचणी

मूळ डेटा जिथे आहे त्या डिस्कवर नाही, दुसऱ्या डिस्कवर एक रिकामा फोल्डर करा. मूळ जागी रिस्टोअर करून चाचणी घेणं हा धोक्याचा उद्योग आहे, कारण बॅकअप खराब असेल तर चांगली फाइलही त्याखाली जाते. आता पाच फाइली निवडा: काल बदललेली एक, दोन-तीन वर्षं कुणी हात न लावलेली एक, सगळ्यांत मोठी, सगळ्यांत खोल फोल्डरमधली आणि लांबलचक देवनागरी नावाची एक. त्या परत आणा आणि मूळ फाइलीशी त्यांचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा, एक बाइट बदलला तरी वेगळा येतो) ताडून पाहा. विंडोजवर पॉवरशेलची ‘गेट-फाइलहॅश’ आज्ञा आहे, लिनक्सवर ‘शा२५६सम’. बॅकअपनंतर फाइल बदलली असेल तर हॅश जुळणार नाही, तो दोष नव्हे. तिथे फाइल उघडून तारीख आणि मजकूर बघा.

कोणती फाइल नापास झाली त्यावरून पुढचा रस्ता ठरतो.

- कालची फाइल आलीच नाही: जॉब चालत नाही किंवा भलत्या ठिकाणी लिहितोय.
- मोठी फाइल नाही: बॅकअप डिस्कची फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) तपासा.
- खोल फोल्डरमधली किंवा देवनागरी नावाची नाही: लांबीची मर्यादा आडवी येतेय.
- जुन्या फाइलीचा हॅश जुळत नाही: मूळ किंवा प्रत, दोन्हींतलं एक कुजलंय.
- फाइल आली, आकारही बरोबर, पण प्रोग्राम ती उघडत नाही: चालू असताना घेतलेली प्रत.

जॉब चालतच नाही

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये नवं काम तयार केलं की ‘संगणक विजेवर असेल तरच सुरू करा’ ही अट आपोआप चालू असते. लॅपटॉप रात्री बॅटरीवर राहिला तर काम सुरूच होत नाही, आणि न सुरू झालेल्या कामाचा लॉग कुठून येणार? ‘वापरकर्ता लॉगिन असेल तरच’ हा पर्यायही बघा. खात्याचा पासवर्ड बदलला की शेड्युलरने साठवलेला जुना पासवर्ड निरुपयोगी होतो आणि काम त्या दिवसापासून थांबतं. नेटवर्कवरच्या फोल्डरला दिलेलं ड्राइव्हचं अक्षर हीसुद्धा फसवी गोष्ट आहे. ते अक्षर तुमच्या लॉगिनपुरतं असतं. दुसऱ्या खात्याखाली चालणाऱ्या कामाला ते दिसत नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये सर्व्हरच्या नावासकट पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा. यूएसबी डिस्कचं अक्षर दुसरी डिस्क लावल्यावर बदलू शकतं. ते डिस्क मॅनेजमेंटमधून शेवटाकडचं एखादं अक्षर देऊन पक्कं करून टाका.

लिनक्सवरचा नेहमीचा घोटाळा वेगळा आहे. बाहेरची डिस्क माउंट झालेली, म्हणजे एका फोल्डरला जोडलेली, नसते, पण ती जिथे माउंट व्हायची तो रिकामा फोल्डर असतोच. आरसिंक हा प्रती घेणारा प्रोग्राम निमूटपणे त्या फोल्डरात लिहितो, म्हणजे प्रत मूळ डिस्कवरच पडते आणि काही दिवसांनी रूट विभाजन भरून सगळी यंत्रणा अडकते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट’ ही आज्ञा घाला. ती ‘नाही’ म्हणाली तर तिथेच थांबा आणि चूक कळवा.

क्रॉनमध्ये, म्हणजे लिनक्सवर ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, आणखी एक खोच आहे. क्रॉनटॅब या तिच्या वेळापत्रकाच्या ओळीत टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ ‘नवी ओळ’ होतो. फाइलच्या नावात तारीख घालायला ‘डेट’ आज्ञेबरोबर टक्क्याचं चिन्ह लागतंच, त्यामुळे हाताने बिनचूक चालणारी आज्ञा क्रॉनमध्ये अर्ध्यावर तुटते. चिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा सगळं एका स्क्रिप्टमध्ये टाकून क्रॉनमधून फक्त तिला बोलवा. दुसरा उपाय बरा, कारण क्रॉनचा पाथही तोकडा असतो आणि स्क्रिप्टमध्ये तो पूर्ण लिहिता येतो.

परतीचा कोड कोण गिळतो

काम संपताना प्रोग्राम यश-अपयशाचा एक आकडा देतो, तो परतीचा कोड. बरेच बॅकअप इथे फसतात, म्हणून थोडं सविस्तर.

विंडोजचा प्रती घेणारा प्रोग्राम रोबोकॉपी परत देतो तो आकडा बेरजेचा असतो. ० म्हणजे नवं काही नव्हतं, १ म्हणजे फाइली गेल्या, २ म्हणजे पलीकडे जास्तीच्या फाइली दिसल्या, ४ म्हणजे काही नोंदी जुळल्या नाहीत. ८ म्हणजे काही फाइली गेल्याच नाहीत आणि १६ म्हणजे मोठी चूक. थोडक्यात ७ पर्यंत ठीक, ८ पासून अपयश. आता गंमत बघा. नीट झालेल्या कामाला शेड्युलर ‘१’ दाखवतो, बघणाऱ्याला तो दोष वाटतो, मग कुणीतरी बॅच फाइलच्या शेवटी ‘कोड ० देऊन बाहेर पड’ अशी ओळ टाकतं. त्या दिवसापासून ८ आणि १६ सुद्धा हिरवेच. योग्य ओळ अशी हवी: कोड ८ किंवा त्याहून मोठा असेल तर तोच बाहेर द्या, नाहीतर ०.

आकडा दिला नाही तर रोबोकॉपी किती वेळा पुन्हा प्रयत्न करतो? दहा लाख वेळा, दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबून. एकच फाइल कुलूपबंद असेल तर जॉब तिच्याच दारात जवळपास वर्षभर बसून राहील. प्रयत्न २ आणि थांबा ५ सेकंद एवढंच ठेवा, आणि लॉग फाइलमध्ये लिहायला सांगा.

आरसिंकचा कोड २३ म्हणजे काही फाइली चुकीमुळे राहिल्या, २४ म्हणजे प्रत घेताघेता मूळ फाइली नाहीशा झाल्या. तात्पुरत्या फाइलींमुळे २४ येत राहतो आणि तो बहुधा निरुपद्रवी असतो. २३ कधीच सोडून देऊ नका. दोन्हींना एकत्र ‘चालतंय’ म्हणणारी स्क्रिप्ट लिहिली की पुढे २३ दिसणंच बंद होतं.

तिसरा प्रकार पाइपचा, म्हणजे एका आज्ञेचं आउटपुट थेट दुसरीला देण्याचा. मायएसक्यूएलडम्पचं (डेटाबेसची प्रत म्हणजे डम्प काढणारी आज्ञा) आउटपुट थेट जीझिपला (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम) जोडलं असेल तर शेल फक्त शेवटच्या आज्ञेचा कोड बघतं. डेटाबेसचा पासवर्ड चुकला, डम्प पहिल्याच क्षणी मेला, तरी जीझिपने ‘काहीच नाही’ हे नीट दाबून ठेवलं आणि ० परत दिलं. अशा रिकाम्या जीझिप फाइलीचा आकार साधारण २० बाइट असतो. बॅकअपच्या फोल्डरात २० बाइटांच्या फाइलींची रांग दिसली तर निदान तिथेच झालं. उपाय म्हणजे बॅशमध्ये ‘पाइपफेल’ चालू करणं आणि शिवाय आकार तपासणं. आजची फाइल कालच्या निम्म्याहून लहान असेल तर स्क्रिप्टने ओरडावं.

हे फक्त छोट्या ठिकाणीच होतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या मुख्य डेटाबेसच्या फाइली चुकून पुसल्या गेल्या. डम्प घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचा आणि सर्व्हर ९.६ चा, त्यामुळे डम्प आधीपासून निकामी होत होता. क्लाउडमधल्या बॅकअपच्या जागी काहीच नव्हतं. चूक कळवणारे मेल निघत होते, पण डीमार्कच्या (मेल खरोखर त्याच पत्त्यावरून आला का ते तपासणाऱ्या) नियमामुळे ते पलीकडे नाकारले जात होते. शेवटी सुमारे सहा तास जुना एक स्नॅपशॉट (एका क्षणाची गोठवलेली प्रत) हाताशी होता म्हणून बाकीचं वाचलं. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीर केलं. त्यातला मेलचा भाग ध्यानात ठेवा, खाली पुन्हा लागेल.

फाइल आली, पण उघडत नाही

डेटाबेसची फाइल म्हणजे चालतं यंत्र. सुरुवातीचा भाग ११ वाजताचा आणि शेवटचा ११ वाजून ४ मिनिटांचा अशी प्रत घेतली तर आकार बरोबर दिसतो, आतले दुवे मात्र जुळत नाहीत. हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा, मेलची पीएसटी फाइल, आभासी यंत्राची डिस्क, सगळ्यांची हीच गत.

विंडोजवर यासाठी व्हॉल्यूम शॅडो कॉपी आहे. ती एका क्षणाचं चित्र गोठवते आणि बॅकअप त्या चित्रावरून घेतला जातो. बॅकअप प्रोग्राममध्ये हा पर्याय चालू आहे का बघा. मग प्रशासक अधिकारांनी कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन’ला रायटरांची (प्रत घेताना आपापला डेटा स्थिर करणारे प्रोग्रामांचे भाग) यादी मागा. प्रत्येक रायटरसमोर ‘स्थिर’ आणि ‘चूक नाही’ हवं. एखादा ‘अयशस्वी’ किंवा ‘वेळ संपली’ दाखवत असेल तर त्याची सेवा पुन्हा सुरू करा, नाहीतर यंत्रच. ज्या प्रोग्रामचा स्वतःचा रायटर नाही त्याची प्रत अचानक वीज गेल्यासारख्या अवस्थेतली असते. बहुतेक वेळा सावरते, पण भरवसा नाही. अशा प्रोग्रामचा स्वतःचा बॅकअप पर्याय आधी चालवा आणि त्यातून निघालेली फाइल बॅकअपमध्ये घ्या.

मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी तक्ते असतील तर डम्पला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ पर्याय द्या. जुने मायआयसॅम तक्ते असतील तर तो पर्याय त्यांना लागू पडत नाही. ट्रिगर आपोआप येतात, पण स्टोअर्ड प्रोसिजर आणि इव्हेंट स्वतंत्रपणे मागावे लागतात. रिस्टोअरनंतर ‘सगळा डेटा आहे पण अहवाल चालत नाही’ ही तक्रार त्यातूनच येते. डम्पची शेवटची ओळ ‘डम्प पूर्ण’ अशी टिप्पणी असते. ती नसेल तर फाइल अर्धवट आहे. पोस्टग्रेसमध्ये एका डेटाबेसच्या डम्पमध्ये वापरकर्ते म्हणजे रोल येत नाहीत. ते ‘पीजी-डम्पऑल’ने वेगळे घ्या, नाहीतर नव्या यंत्रावर मालकीच्या चुकांचा पाऊस पडतो. एसक्यूएल सर्व्हरची ‘व्हेरिफायओन्ली’ तपासणी बॅकअप वाचता येतो एवढंच सांगते, आतली रचना शाबूत आहे का ते नाही. खरी तपासणी म्हणजे दुसऱ्या नावाने रिस्टोअर करून त्यावर ‘चेकडीबी’ चालवणं. एसक्यूलाइटची फाइल डब्ल्यूएएल पद्धतीत (नव्या नोंदी आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहिणारी) असेल तर नुसती मुख्य फाइल उचलल्यास ताज्या नोंदी शेजारच्या फाइलीतच राहून जातात. एसक्यूलाइटची स्वतःची ‘बॅकअप’ आज्ञा वापरा.

नावं, लांबी, आकार

फॅट३२ वर एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबीला एक बाइट कमी. कित्येक पेन ड्राइव्ह याच स्वरूपात येतात. व्हिडिओ, डिस्क इमेज आणि फुगलेली पीएसटी तिथे जाऊच शकत नाही. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर एक्सफॅट करा. (एक्सफॅटवर लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत. त्यासाठी आधी सगळं एका टार फाइलीत बांधून ठेवा.)

विंडोजची जुनी पाथमर्यादा २६० वर्णांची आहे. तीत ड्राइव्हचं अक्षर आणि शेवटचा शून्य धरलेला असतो. रोबोकॉपी लांब पाथ ओलांडून जातो, सगळे प्रोग्राम जात नाहीत. आणि हे बहुतेकदा रिस्टोअरच्या वेळी उघडं पडतं, कारण मूळ फोल्डर ‘डी’च्या मुळाशी असतो आणि आपण रिस्टोअर करतो डेस्कटॉपवरच्या ‘जुना बॅकअप रिस्टोअर नवीन’ या फोल्डरात. लांबी वाढली, फाइल आपटली. रिस्टोअर नेहमी ड्राइव्हच्या मुळाशी, एका अक्षराच्या नावाच्या फोल्डरात करा.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांनी पुढचा भाग नीट वाचावा, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये तो सहसा नसतो. एनटीएफएसवर फाइलच्या नावाला २५५ संकेतांची (युनिकोडमधलं एकेक चिन्ह) मुभा आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर २५५ बाइटांची. रोमन अक्षर एका बाइटात बसतं, देवनागरीचा प्रत्येक संकेत यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो. म्हणजे लिनक्सवर देवनागरी नावाला फक्त ८५ संकेत मिळतात. त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘वार्षिक’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण त्यात ७ संकेत आहेत, म्हणजे २१ बाइट. विंडोजवर सुखाने नांदणारं, ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ असं सुरू होऊन ८५ संकेतांपलीकडे गेलेलं नाव त्यामुळे नॅसवर (नेटवर्कवरचं साठवणुकीचं यंत्र, बहुधा लिनक्सवर चालणारं) जाताना नाकारलं जातं, आणि लॉगमध्ये एका ओळीत ‘नाव फार लांब’ एवढंच उरतं. नॅसवरचा फोल्डर एन्क्रिप्ट केलेला असेल तर मर्यादा आणखी खाली येते. ईक्रिप्टएफएस वापरणाऱ्या नॅसवर ती सुमारे १४३ बाइट आहे, म्हणजे देवनागरीचे ४७ संकेत. पॉवरशेलमध्ये प्रत्येक नावाचे यूटीएफ-८ बाइट मोजून मर्यादेवरची नावं छापणारी छोटी स्क्रिप्ट एकदा चालवा आणि ती नावं आखूड करा.

दुसरी भानगड ‘ऱ’ची. ‘नोकऱ्या’, ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकसंध लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांतही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावं तोडून दोन तुकड्यांत साठवते. मग मॅकवरून लिनक्सवर बॅकअप घेतला की आरसिंकला ही दोन वेगळी नावं वाटतात. तो दर वेळी तीच फाइल पुन्हा पाठवतो, किंवा पलीकडे डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या दोन फाइली तयार होतात. मॅकवर पुरेसा नवा आरसिंक घेऊन त्याच्या ‘आयकॉन्व्ह’ पर्यायात ‘यूटीएफ-८-मॅक’ ते ‘यूटीएफ-८’ असं रूपांतर सांगा. नव्या एपीएफएसवर नाव दिलंय तसंच राहतं.

सिंकला बॅकअप समजणं

सिंक म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडेही पुसतं. रोबोकॉपीचा ‘मिरर’ आणि आरसिंकचा ‘डिलीट’ पर्यायही तेच करतात, आणि मूळ फोल्डर चुकून रिकामा दिसला तर पूर्ण प्रतही रिकामी करतात. आवृत्त्या राखणारं काहीतरी हवंच. वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात आणि गूगल ड्राइव्हमध्ये पुसलेली फाइल कचऱ्यात ३० दिवस असते. त्यानंतर लक्षात आलं तर उपयोग नाही.

वनड्राइव्हची ‘मागणीनुसार फाइली’ ही सोय आणखी एक चकवा. फोल्डरात नाव दिसतं, मजकूर मात्र क्लाउडवर. फाइलच्या गुणधर्मांत ‘आकार’ ४० एमबी आणि ‘डिस्कवरचा आकार’ ० असं दिसलं की ओळखा. काही बॅकअप प्रोग्राम अशा फाइली सोडून देतात, काही त्या उतरवायला जातात आणि नेट नसलं की अडतात. त्या फोल्डरावर ‘या यंत्रावर नेहमी ठेवा’ निवडा.

रॅन्समवेअरला (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) यंत्राला जोडलेली प्रत्येक डिस्क सारखीच. बॅकअपची यूएसबी डिस्क चोवीस तास लावून ठेवली असेल तर तीही कुलूपबंद होणार, आणि विंडोजच्या शॅडो प्रती तर असे प्रोग्राम आधी पुसतात. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत दुसऱ्या जागी हा जुना नियम अजून पुरतो. त्यातली एक प्रत तारेने जोडलेली नको, किंवा ज्या खात्यातून लिहिलं जातं त्या खात्याला ती पुसण्याचा अधिकार नको.

हॅश जुळत नाही

डिस्क वाचताना चूक दाखवत नाही पण बाइट बदललेले असतात, असंही होतं. आधी डिस्कचे स्मार्ट आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा. ५ क्रमांकाचा (बदली दिलेले सेक्टर), १९७ चा (वाचता न येणारे, निर्णय बाकी) आणि १९८ चा (दुरुस्त न होणारे) हे वाढत असतील तर डिस्क बदला. १९९ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी तार आणि कनेक्टर बदलून पाहा, कारण तो दळणवळणातल्या चुकांचा आकडा आहे.

आरसिंक साधारणपणे फक्त आकार आणि वेळ बघतो. आतला मजकूर कुजला आणि वेळ तीच राहिली तर त्याला कळत नाही. यावर लोक सरळ ‘चेकसम’ पर्याय लावतात, आणि इथे सावध राहा: मूळ फाइल कुजली असेल तर चेकसम फरक ओळखतो आणि कुजलेली फाइल चांगल्या प्रतीवर लिहून टाकतो. आधी ‘ड्राय-रन’ सोबत चालवा, फरकांची यादी काढा, वेळ तीच असून मजकूर वेगळा असलेल्या फाइली हाताने उघडून कोणती बरी ते ठरवा, मगच खरं चालवा.

रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामची ‘चेक’ आज्ञा मुळात रचना तपासते, साठवलेला डेटा वाचत नाही. तिला भाग वाचायला सांगता येतो. दर महिन्याला बारापैकी एक भाग, पहिल्या महिन्यात १/१२, दुसऱ्यात २/१२, असं केलं की वर्षात सगळं वाचून होतं आणि एकाही रात्री भार येत नाही. बोर्ग या तशाच प्रोग्राममध्ये यासाठी ‘व्हेरिफाय-डेटा’ आहे. एक पूर्ण आणि पुढे रोजचे बदल अशी साखळी असेल तर मधली एक कडी तुटली की पुढचे सगळे दिवस गेले. महिन्यातून एकदा नवा पूर्ण बॅकअप घ्या.

किल्ली

एन्क्रिप्ट केलेल्या बॅकअपची किल्ली ज्या यंत्रावर आहे तेच यंत्र मेलं तर बॅकअप असून नसल्यासारखा. बोर्गमध्ये ‘कीफाइल’ पद्धत निवडली असेल तर किल्ली त्या यंत्राच्या होम फोल्डरातच असते. ती निर्यात करून वेगळी ठेवा. विंडोजच्या बिटलॉकर एन्क्रिप्शनची रिकव्हरी की ४८ अंकी असते, ती कागदावर छापा. पासवर्ड ज्या पासवर्ड मॅनेजरमध्ये आहे त्याचा बॅकअप त्याच एन्क्रिप्टेड साठ्यात असणं हा गोल फेरा कित्येकांकडे असतो. तपासायची रीत सोपी: ज्याने ही यंत्रणा बसवली नाही त्याला कोऱ्या यंत्रासमोर बसवा आणि त्याला साठा उघडता येतो का बघा.

पूर्ण चाचणी आणि तिचा वेळ

पाच फाइलींची चाचणी महिन्याला एकदा. तीन महिन्यांतून एकदा एक पूर्ण फोल्डर किंवा एक डेटाबेस, आणि वर्षातून एकदा दुसऱ्या यंत्रावर सगळं. त्या वेळी घड्याळ लावा. १ टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून उतरवायला गणितानेच सुमारे २२ तास लागतात, प्रत्यक्षात जास्त. यूएसबी २ च्या पोर्टवरून तेवढाच डेटा आठ-नऊ तास खातो. लाखो बारीक फाइली असतील तर आणखी. काम किती वेळ बंद राहू शकतं हे माहीत असेल तर त्याच्याशी हा आकडा ताडा. बरेचदा क्लाउडसोबत एक जवळची डिस्क ठेवण्याचा निर्णय इथेच होतो.

पूर्ण इमेज रिस्टोअर करणार असाल तर बचावाची यूएसबी आधी खरोखर सुरू करून बघा. नव्या यंत्राचा डिस्क कंट्रोलर तिला ओळखू येत नाही, बूट पद्धत युईएफआय विरुद्ध जुनी अशी वेगळी निघते, किंवा नवी डिस्क जुनीपेक्षा लहान म्हणून प्रोग्राम नकार देतो. या तिन्ही गोष्टी शांत दिवशी कळाव्यात.

रोजच्या देखरेखीसाठी मेलची वाट बघण्याऐवजी उलट करा. बॅकअपच्या आधी एका छोट्या फाइलीत आजची तारीख आणि वेळ लिहा. बॅकअपनंतर दुसऱ्या यंत्राने तीच फाइल साठ्यातून परत आणावी आणि ती २६ तासांहून जुनी असेल तर ओरडावं. जॉब बंद पडला, मेल अडला, डिस्क निघाली, काहीही झालं तरी फाइल शिळी होते आणि गप्प बसणं हाच इशारा ठरतो.

चाचणी नापास झाली तर

पहिलं काम दुरुस्तीचं नव्हे. जुने बॅकअप आपोआप पुसणारा नियम बंद करा. नाहीतर तुम्ही कारण शोधेपर्यंत यंत्रणा ३० दिवसांपूर्वीची शेवटची चांगली प्रत नियमाप्रमाणे फेकून देते. मग मूळ डेटा अजून चांगला असेल तर कोऱ्या डिस्कवर साधी प्रत घ्या, हॅश ताडा, आणि नंतर जुन्या साठ्याकडे वळा. ‘रिपेअर’ आज्ञा जुन्या साठ्यावर थेट चालवू नका, त्याची प्रत काढून तिच्यावर चालवा.

मूळ डिस्कही कुरकुरत असेल तर तिच्यावर चेकडिस्कची दुरुस्ती चालवणं टाळा. ती डिस्कवर लिहिते आणि मरत्या डिस्कला तेवढेच जास्त फेरे पडतात. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावा, जीएनयू डीडीरेस्क्यूने मॅप फाइल देऊन पूर्ण प्रतिमा घ्या. तो आधी सोपे भाग उचलतो आणि अवघड जागा शेवटी ठेवतो. मॅप फाइल असली की मध्येच थांबवून डिस्क गार झाल्यावर तिथूनच पुढे सुरू करता येतं. खटखट आवाज येत असेल तर तेही करू नका, वीज काढा आणि डिस्क तशीच डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे द्या.